‘काळजी करू नका’ सोडून काहीही सांगा

पत्र : आमच्या कंपनीत तीन महिन्यांपासून नोकरकपातीची चर्चा आहे. यादीत कुणाची नावं आहेत ते कुणालाच माहीत नाही, पण दर दोन-चार दिवसांनी नवी बातमी फिरते. दिवसभर मी मेल आणि ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बघत असते. रात्री साडेतीनला जाग येते आणि मग साडेपाचपर्यंत डोक्यात हिशेब. आठ वर्षांच्या मुलीवर विनाकारण ओरडते, नंतर स्वतःचीच चीड येते. ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, रोज वीस मिनिटं बसायचं ठरवलं, चौथ्या दिवशी सुटलं. नवरा म्हणतो, चांगले विचार कर. मला रोज नेमकं काय करायचं ते सांगा. ‘काळजी करू नका’ सोडून काहीही सांगा. आणि एक, मुलीला यातलं काही सांगावं का? – एक वाचक, वय ३९

उत्तर : ‘काळजी करू नका’ असं नाही सांगणार. काळजी कराच, पण तिची वेळ ठरवून करा. ते कसं करायचं, यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. त्याआधी मेलचं बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं.

२०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना संगणकावर दगड दाखवायचे, प्रत्येक वेळी दगडाखाली साप आहे का हे त्यांनी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. डोळ्यांची बाहुली किती मोठी होते, घाम किती येतो, यावरून ताण मोजला. झटका बसणारच हे पक्कं असताना ताण कमी होता. बसेल की नाही हे निम्मंनिम्मं असताना तो सर्वांत जास्त होता. तुमचे तीन महिने त्या निम्म्यानिम्म्यात गेले आहेत. जीव टांगणीला लागला की शरीर असंच वागतं. त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा शोधू नका.

ही टांगणी सुटावी म्हणून तुम्ही मेल उघडता. काही आलेलं नसतं, मग बरं वाटतं. हे बरं वाटणंच घात करतं. ते पाच-दहा मिनिटं टिकतं, पण तेवढ्यात मेंदू शिकतो की बेचैनी आली की फोन उघडायचा. पुढची बेचैनी लवकर येते आणि जरा जास्त जोरात येते. खाज आणि खाजवणं यांचं जे नातं, तेच इथे. त्यामुळे ‘फोन कमी बघेन’ असा नुसता निश्चय करून भागत नाही, वेळा लागतात.

दिवसातून तीन वेळा ठरवा. समजा, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी साडेपाच. दर वेळी दहा मिनिटं. ऑफिसचा ग्रुप म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे तो यादीत वर दिसणार नाही. कामाचे मेल दिवसभर बघावेच लागत असतील तर ते बघा. बंद करायची ती अफवांसाठीची चाळवाचाळव. आणि ‘खरंच काही आलं आणि मला कळलंच नाही तर?’ ही भीती उरतेच, तिच्यासाठी ऑफिसातल्या एकाच भरवशाच्या व्यक्तीला सांगून ठेवा : “लेखी काही आलं तर मला फोन कर. ऐकीव काही असेल तर नको.” दुसरं वाक्य गाळू नका, नाहीतर दिवसभर त्यांचेच फोन येतील.

पहिले तीन-चार दिवस जड जातील. हात आपोआप फोनकडे जाईल. तेव्हा त्या उबळीकडे लक्ष द्या : छातीत आहे का, पोटात आहे का, बोटं चाळवताहेत का. ती चढते, काही मिनिटं वरच राहते आणि मग ओसरते. फोन न उघडताही ओसरते. हे दहा-बारा वेळा स्वतः अनुभवलं की तिचा धाक कमी होतो. बहुतेक जण ती सर्वांत वर असताना हार मानतात आणि ‘मला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

आता काळजीची वेळ. ही पद्धत थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. रोज एकाच जागी, एकाच वेळी, ठरलेला अर्धा तास काळजी करायची आणि दिवसभरातली काळजी त्या वेळेवर ढकलायची. तुम्ही वीस मिनिटांनी सुरुवात करा. संध्याकाळी सात ते सात वीस चालेल, पण झोपण्याआधी निदान दोन तास मोकळे राहायला हवेत. खुर्ची आणि टेबल हवं. पलंग किंवा सोफा अजिबात नको, कारण ज्या जागी आपण रोज काळजी करतो ती जागा काळजीचीच होऊन बसते.

दिवसा एखादा विचार टोचायला लागला की खिशातल्या कागदावर चार-पाच शब्दांत टिपा आणि ‘सातला’ असं म्हणून हातातलं काम पुढे चालू करा. टिपण लहानच हवं. ‘घराचा हप्ता’ एवढं पुरे. अर्धं पान लिहायला बसलात तर ती तिथल्या तिथे काळजीच झाली. ढकलणं म्हणजे दडपणं नव्हे, हा फरक लक्षात ठेवा. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं. अस्वल पुन्हा पुन्हा आलंच, आणि बंदी उठल्यावर तर जास्तच आलं. नवऱ्याच्या ‘चांगले विचार कर’मध्ये हीच अडचण आहे. ‘आत्ता नको, सातला’ हे मन ऐकतं, कारण त्याला तारीख मिळालेली असते. अर्थात तारीख पाळली तरच. दोनदा सात वाजता बसला नाहीत की तिसऱ्यांदा ते ऐकणार नाही.

सातला टायमर लावा, कागद पुढे घ्या आणि दिवसभराची टिपणं एकेक करून बघा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न : यावर मी या आठवड्यात हात लावण्यासारखं काही आहे का?

तुमचं उदाहरण घेऊ. ‘नोकरी गेली तर हप्ता कसा भरायचा?’ यावर काम आहे. मग ते इतकं बारीक करून लिहा की करताना विचार करावा लागू नये : ‘शनिवारी सकाळी अकराला, दोघांनी बसून, गेल्या तीन महिन्यांचा खर्च काढणे, आवश्यक आणि टाळता येण्याजोगा असे दोन भाग, आवश्यक खर्चाची महिन्याची सरासरी काढून तिने शिलकीला भागणे.’ जो आकडा येईल तेवढे महिने तुमच्या हातात आहेत. तो अडीच असो वा नऊ, रात्री साडेतीनला डोक्यात फिरणाऱ्या धूसर हिशेबापेक्षा तो बराच सोसण्यासारखा असतो. ‘बायोडाटा जुना झालाय’ यावरही काम आहे : ‘बुधवारी अर्धा तास, फक्त शेवटच्या नोकरीचा परिच्छेद.’

‘माझं नाव यादीत असेल का?’ यावर मात्र काम नाही. कितीही विचार केलात तरी नाव यादीत जात नाही आणि यादीतून निघतही नाही. त्यासमोर लिहा, ‘याचं उत्तर आज नाही,’ आणि पुढच्या टिपणावर जा. रोज तेच लिहावं लागेल. लिहा. आठवड्याने जुने कागद चाळलेत तर दिसेल की वीस काळज्या वाटत होत्या त्या प्रत्यक्षात चार-पाचच आहेत, वेगवेगळे कपडे घालून आलेल्या. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात ते खरं, पण मनाचं चिंतन कागदावर फार एकसुरी दिसतं.

टायमर वाजला की उठा. वाक्य अर्धं असलं तरी. उठून लगेच हाताचं काम घ्या – भांडी, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी. नुसतं बसून राहिलात तर वीस मिनिटांचा तास होतो, आणि ही पद्धत बिघडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. एखाद्या दिवशी सात वाजता काहीच काळजी वाटली नाही तर? तरी बसा. वीस मिनिटं कोरा कागद बघत बसणं कंटाळवाणं असतं, आणि काळजीचा कंटाळा येणं ही चांगली खूण आहे.

रात्री साडेतीनचं प्रकरण वेगळं आहे. जाग सगळ्यांनाच येते. रात्रीच्या उत्तरार्धात झोप उथळ होते आणि आपण अनेकदा क्षणभर जागे होऊन पुन्हा झोपतो. सकाळी ते आठवतही नाही. तुमच्या बाबतीत त्या क्षणी दोन गोष्टी होत असणार : घड्याळ बघणं आणि ‘आता फक्त तीन तास उरले’ ही वजाबाकी. त्या वजाबाकीनेच माणूस टक्क जागा होतो. म्हणून घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर पलंग सोडा. अंदाजे म्हणजे अंदाजेच, बघून नाही. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात नीरस असं काहीतरी करा : आधी वाचलेलं पुस्तक, विणकाम, जुन्या फोटोंची लावालाव. डोळे जड झाले, डुलकी यायला लागली की परत जा. नुसता थकवा म्हणजे झोप नव्हे. थकलेला माणूस तासन्‌तास जागा राहू शकतो. पुन्हा झोप लागली नाही तर पुन्हा उठा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. पलंगावर पडल्या पडल्या जागं राहायची जी सवय शरीराला लागते, ती याने मोडते.

सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रविवारीही. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. रात्र वाईट गेली म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळायचं आणि दुसऱ्या रात्री नऊलाच आडवं व्हायचं. पलंगावरचे तास वाढतात, झोप तेवढीच राहते आणि ती जास्त तासांवर पातळ पसरते. झोप आल्याशिवाय पलंगावर जाऊ नका, मग साडेअकरा वाजले तरी चालेल. पहिला आठवडा दिवसा पेंग येईल. त्या काळात लांब गाडी चालवणं टाळा. दुपारी डोळा लागलाच तर वीस मिनिटं, तीनच्या आधी. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं रात्री दहा-अकराला अंगात असतं. मद्याने झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते, म्हणजे नेमकी तुमच्या साडेतीनच्या सुमारास.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी लवकर. ही काळजीची वेळ नव्हे, म्हणून ‘नोकरीचं काय’ असलं काही यादीत नको. ‘मुलीच्या वहीला कव्हर, बँकेला फोन’ असं हवं.

ध्यान चौथ्या दिवशी सुटलं त्यात तुमचा दोष कमी आणि वीस मिनिटांचा जास्त. मन पेटलेलं असताना डोळे मिटून वीस मिनिटं बसणं म्हणजे त्याच विचारांच्या समोर जाऊन बसणं, नवख्या माणसाला ते जमत नाही. त्याऐवजी पाच मिनिटं श्वास. एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. आत घेताना हात वर उचलला गेला पाहिजे, खांदे नाहीत. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं.

यात एक चूक अगदी नेहमीची : ‘दीर्घ श्वास घ्या’ हे ऐकून लोक छाती भरभरून, भराभर श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास संथ हवा, मोठा नको. मुंग्या आल्या तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या, थोड्या वेळात जातात. आणि हा सराव मन शांत असताना करा. पोहायला शिकायचं ते बुडताना नव्हे.

तो रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून टाका. दात घासून झाले की पाच मिनिटं. सवय मुरायला २१ दिवस लागतात असं सर्रास सांगतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. चौथ्या दिवशी सुटलं होतं ना? पाचव्या दिवशी पुन्हा धरायचं होतं, एवढंच.

मुलीवर ओरडण्याबद्दल. चार दिवस फक्त वेळ टिपा. बहुधा तुम्ही कामावरून घरी आल्यानंतरचा पहिला अर्धा तास निघेल किंवा सकाळची शाळेची घाई. घरी येण्याची वेळ निघाली तर दारातून आत आल्यावर दहा मिनिटं स्वतःसाठी मागून घ्या. तोंड धुवा, कपडे बदला, फोन हातात नको. आणि आत काय चाललंय त्याला नाव द्या. ‘डोकं फिरलंय’ हे नाव नव्हे. मराठीत शब्दांची ददात नाही : धास्ती, चीड, घालमेल, हुरहुर, अपमान, असूया. ‘आत्ता मला धास्ती वाटतेय’ असं मनात म्हणणं आणि ‘या मुलीने उच्छाद मांडलाय’ असं म्हणणं, यांतून पुढचं वागणं वेगळं निघतं. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागाची, अमिग्डलाची, धावपळ कमी होते, हे २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. तरीही ओरडलात तर काही मिनिटांत तिच्याजवळ जा आणि एका वाक्यात माफी मागा. त्या वाक्यात ‘पण’ नको.

नवऱ्याला नेमकं काम द्या : “दहा मिनिटं ऐक, उपाय सांगू नकोस.” बऱ्याच माणसांना काय करायचं ते कळत नाही म्हणून ती उपदेश करतात. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मात्र उलटी काळजी घ्या. रोज जेवताना तोच विषय दळला जात असेल तर त्याने मैत्री घट्ट होते आणि ताणही वाढतो.

बाकीचं थोडक्यात. रोज बावीस-पंचवीस मिनिटं भरभर चाला. आठवड्याला निदान १५० मिनिटं ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तेवढ्यात बसते. या तीन महिन्यांत आवडीचं काय सुटलं ते आठवा आणि आठवड्यात दोनदा, वार आणि वेळ लिहून, परत सुरू करा. उत्साह आल्यावर करू म्हणाल तर तो येणार नाही. बहुतेकदा तो सुरुवात केल्यावर मागाहून येतो. कृतज्ञतेची डायरी आवडत असेल तर लिहा. ओढूनताणून लिहायची असेल तर राहू द्या.

सगळं एकदम धरू नका. पहिल्या आठवड्यात फक्त मेलच्या तीन वेळा आणि उठायची एकच वेळ. दुसऱ्यात काळजीची वीस मिनिटं. श्वास तिसऱ्या आठवड्यात आला तरी चालेल.

दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन खिन्न राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, भूक किंवा वजन उतरलं, काम हातून होईना किंवा झोपेसाठी पेल्याचा आधार लागायला लागला, तर सवयींवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. थायरॉइडची आणि रक्ताची तपासणीही करून घ्या. थायरॉइड वाढल्याने किंवा रक्त कमी झाल्यानेही छाती धडधडते. जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. सात वाजेपर्यंत ढकलायच्या गोष्टींत ही बसत नाही.

मुलीला सांगा. आठ वर्षांच्या मुलाला घरातला ताण कळतोच. कारण कळलं नाही तर ते स्वतःलाच कारण समजतं. दुपारी किंवा संध्याकाळी, इतर काही चालू असताना, तीन वाक्यांत सांगा : “आईच्या ऑफिसात बदल होणार आहेत आणि पुढे काय होईल ते अजून ठरलेलं नाही, म्हणून मी मध्येच चिडते. त्यात तुझी काही चूक नाही. तुझी शाळा, तुझं खेळणं, रात्रीची आपली गोष्ट, हे सगळं रोजच्यासारखंच चालेल.” जे नक्की नाही त्याचं वचन देऊ नका; ‘नोकरी जाणारच नाही’ हे तुमच्या हातात नाही. शाळा बदलावी लागू शकते असं वाटत असेल तर ‘शाळा’ हा शब्द गाळा. ती ‘बरं’ म्हणून खेळायला पळाली तर बोलावून पुन्हा समजावू नका. मुलांचे खरे प्रश्न दोन-तीन दिवसांनी, बहुधा रात्री दिवा मालवल्यावर येतात. त्या वेळी तिच्याजवळ पडून राहा. फोन तोवर दुसऱ्या खोलीत गेलेला असेलच.